सोबत जोडला: पोपट, नग एक

घरात पोपट ठेवणं ही राज्यकारभाराइतकीच जबाबदारीची गोष्ट आहे. फरक एवढाच, की पोपटाच्या पिंजऱ्यातली घाण रोजच्या रोज काढावी लागते.

मी शाळा चौथीपर्यंत शिकले, पण पोपट जन्मभर पाळले, तेव्हा या विषयात माझं ऐकायला हरकत नाही. आमचं घर इंदूरला, तुकोगंजात. घरात आमचे हे (नाव घेत नाही, सरकारी कागदावर जयसिंगराव), मुलगा गजानन, सून यशोधरा आणि जमादार. जमादार म्हणजे पोपट. हे होळकरांच्या फौजेत होते. फौज गेली, पण हाताखाली कोणी असल्याशिवाय ह्यांना जेवण जात नाही, म्हणून पोपटाला हुद्दा दिला.

पोपटाला द्यावं काय, तर हिरवी मिर्ची, जामफळ (तुमचा पेरू), भिजवलेली चण्याची डाळ आणि मक्याच्या दिवसांत कोवळा भुट्टा. शेव मुळीच देऊ नये. मीठ आणि तेल पोपटाच्या पोटाला सोसत नाही. (इंदूरच्या माणसाला सोसतं असा समज आहे.) कुरतडायला लाकडाचा तुकडा ठेवावा, नाहीतर तो खुर्ची धरतो, आणि एकदा खुर्ची धरली की पोपट काय न् कोणी काय, लवकर सोडत नाही.

तो ओरडला म्हणून त्याच्यावर ओरडू नये. मुळात थव्यातला पक्षी. आपण नजरेआड झालो की हाक मारतो. आतून नुसतं "आहे रे" म्हटलं की गप्प. आमच्या ह्यांचंही असंच आहे, फक्त त्यांना वर चहा लागतो.

बुबुळं भराभर लहान-मोठी होऊ लागली तर समजावं, पोपट एकतर फार खूश आहे किंवा आता चावणार आहे. दोन्हींपैकी कोणतं, ते बोट पुढे केल्यावर कळतं. यशोधरेला बऱ्याचदा कळलं आहे.

आणि डोकं खालीवर हलवून त्याने खाल्लेलं परत काढलं तर हकिमाकडे धावू नये. रानात नर मादीला असाच घास भरवतो. घरात ज्या माणसाला तो अगदी आपलं मानतो, त्यालाच हा मान मिळतो. आमच्याकडे तो फक्त मला होता. ह्यांनी लग्नापासून आजवर मला अर्धा लाडू पुढे केला नाही. जमादार रोज घास देत असे. (खायचा नसतो. "शहाणा माझा" म्हणून पुसून टाकायचा.)

आता राज्य नवं झालं आणि राजधानी भोपाळला गेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. राजधानीमागून कचेऱ्या निघाल्या, कचेऱ्यांमागून कपाटं आणि कपाटांमागून इंदूरची मुलं. गजाननच्या नावाचाही कागद आला: महिनाअखेर भोपाळला हजर व्हावे. एकुलता एक मुलगा, यशोधरेला सातवा महिना.

मी म्हटलं, "जायचं नाही."

"आई, सरकारचा हुकूम आहे."

"मग मी घरात रोज काय करते, विनंती?"

पण सरकार माझ्या घरात राहत नाही. गजाननने अर्ज दिला, तो नामंजूर झाला. दुसरा दिला, तो मिळालाच नाही असं उत्तर मिळालं.

तेवढ्यात कळलं की बदल्या करणारे मोठे साहेब पाहणीसाठी इंदूरला येणार आहेत. ह्यांनी त्यांना चहाला बोलावलं आणि ठरवलं की जमादाराने त्यांना "पधारिए हुजूर" म्हणावं. रोज सकाळी पिंजऱ्यासमोर ताठ उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि "पधारिए हुजूर" म्हणायचे. पोपट शब्द ऐकून शिकत नाही, बोलणाऱ्याचा जीव कशात आहे ते बघून शिकतो. ह्यांचा जीव खाकरण्यात होता. थोड्याच दिवसांत जमादार हुबेहूब खाकरू लागला. यशोधरा दर वेळी पदर सावरून उभी राहायची, मग चिडायची.

"आईसाहेब, आता घरात दोन सासरे झाले!"

साहेब आले. हे पगडी घालून, गजानन हात बांधून, मी पडद्याआड. पोहे झाले, चहा झाला. बदलीचं नाव कोणी काढेना. साहेबांच्या पाठीमागे पिंजरा उघडाच होता. जमादार बाहेर आला आणि खाकरला. साहेब बशी टाकून उभे राहिले. (त्यांच्याही वर कोणी असणारच.) मग पोपट बघून हसले, बसले, आणि जमादार उडून थेट त्यांच्या बाहीवर. डोकं खालीवर, खालीवर, आणि कोटावर अर्धवट चघळलेलं जामफळ.

"ये क्या किया इसने?"

गजाननचा चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा झाला. भोपाळ राहिलं बाजूला, आता बस्तरला पाठवतात, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी पडदा सारून पुढे झाले.

"गुस्सा मत करो, साहब. खिलाया है आपको. जिसको अपना समझता है ना, उसीको खिलाता है."

"मुझे?"

"आजवर मेरे सिवा किसीको नहीं खिलाया." (हे मी कोणत्या मनाने बोलले ते लिहीत नाही.)

साहेब बाहीकडे बघत राहिले. पुसायला रुमाल काढला होता, तो परत खिशात ठेवला. म्हणाले, "माँजी, हमारे घर में तो कोई पूछता भी नहीं कि खाना खाया कि नहीं." मग बराच वेळ जमादाराच्या मानेवर बोट फिरवत बसले. "वाह, क्या पंछी है! वाह!"

इथे आमच्या ह्यांच्या अंगात दरबार आला. दरबारात रीत होती. मोठ्या माणसाने वस्तू वाखाणली की ती त्याला नजर करायची. त्याने नुसता हात लावायचा आणि परत द्यायची. मान दोघांचा राहतो आणि वस्तू घरात राहते. हे उठले, तीनदा वाकले आणि म्हणाले, "आपकी नजर है, हुजूर."

साहेबांनी हात लावला. "सच?" म्हणाले. आणि ड्रायव्हरला हाक मारली, "पिंजरा भी रख लो."

नव्या राज्यापर्यंत रीत अर्धीच पोहोचली होती. हे वाकलेले होते ते तसेच राहिले. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात दाराशी पोटावर हात ठेवून उभी असलेली यशोधरा दिसली. मी मोटारीपर्यंत गेले आणि "शेव मत देना" एवढंच सांगितलं.

पुढल्या आठवड्यात हुकूम आला. श्री. गजानन यांची सेवा लोकहितार्थ इंदूर येथेच आवश्यक आहे. (लोक कोण, ते लिहिलेलं नव्हतं.) तेव्हापासून तुकोगंजात ज्याच्या नावाने बदलीचा कागद येतो तो आधी गावाबाहेर खजरान्याकडे पोपट शोधायला पळतो आणि मग मला विचारायला येतो, "काकी, बाहीवर कसा बसवायचा?"

हे अजून ओसरीवर बसतात. म्हणतात, दरबारातसुद्धा कधीकधी नजर परत यायला वेळ लागायचा. गजानन घरी आहे. कचेरीतून येतो, जेवतो, पेपर तोंडापुढे धरतो. मी स्वयंपाकघरातून "आहेस का रे?" विचारलं तर पेपर हलतो.

आता मी तुम्हाला एक विचारते. एका आईचा मुलगा चालला, सुनेला सातवा महिना, हे मी स्वच्छ लिहिलं होतं. तेव्हा तुम्ही पुढे काय गंमत होते म्हणून वाचत गेलात. पोपट मोटारीत गेला, तिथे मात्र "अरेरे, बिचारा" केलंत. केलंत ना? मग सरकार माणसांच्याच बदल्या का करतं, हे मला विचारायला येऊ नका.