मामांचं वजन आणि पत्र्याचं फ्लटर

विमानाचा पंख किती वेगाच्या वाऱ्यात फडफडून मोडेल, हे मी बंगळूरच्या ऑफिसात बसून आधीच सांगतो. त्याचाच पगार घेतो! तेव्हा सोलापुरातल्या आमच्या गच्चीवरचा पत्रा म्हणजे माझ्या हातचा मळ!

झालं असं, माझं लग्न जुळत आलं होतं. मुलगी राजनंदिनी, आणि ती मला जाम आवडली होती. तिचे वडील गुरुलिंगमामा अक्कलकोटहून आमचं घर बघायला येणार होते. बैठक गच्चीवर, पत्र्याखाली. पण वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून त्यावर हा दगडांचा ढीग!

"पाव्हण्यास्नी कसं दिसंल ते?" आई म्हणाली. "पन काढलं तर पत्रा उडंल की!"

"आई, याला ऑप्टिमायझेशन म्हणतात! पंख हलका करायचा, पण फडफडू द्यायचा नाही."

मी लॅपटॉप उघडला. वाऱ्यात पत्रा एकाच वेळी वाकायला आणि पिळवटायला लागला, की दोन्ही मिळून वाऱ्याचा जोर ओढून घेतात आणि फडफड वाढतच जाते. हेच फ्लटर! गणित सुटलं. वाऱ्याकडच्या कडेला चार दगड बास! बाकीचे मी स्वतः उतरवले. कंबर धरली, पण पत्रा कसा नव्या नवरीसारखा दिसायला लागला!

मामा आणि मामी आले. मामा एकदम खूश. "जावईबापू इमानं बनिवतात व्हय!"

एवढ्यात वारं सुटलं. पत्रा आधी गुणगुणला, मग थडथडला, मग असा नाचायला लागला की मामांची टोपी शेजारच्या गच्चीवर!

"आई, कडेचे दगड कुठं गेले?"

"ग्यास संपला न्हवं का! तीन चुलीला लावले. उरल्याला एकटा लई वंगाळ दिसत हुता, त्योबी काढला की!"

"वाऱ्याकडच्या कडेला वजन द्या!" मी ओरडलो.

मामा चांगले भरभक्कम. उठले आणि दोन्ही हातांनी कडेला लोंबकळले. फडफड थांबली!

मी आनंदानं उडीच मारली. "बघा, गणित बरोबर आलं! मामा, जरा डावीकडं सरका!"

मामा सरकले. पत्रा गप्प. हात सोडला की पुन्हा थयथयाट! शेवटी आईनं त्यांना लोंबकळतानाच शेंगापोळी भरवली, मामींनी बशीनं चहा पाजला. आणि मी? मी लॅपटॉप घेऊन विचारत होतो, "मामा, तुमचं वजन किती?"

"तुला रं कशाला?" मामा गुरकावले. जावईबापूचा 'तू' झाला होता.

वारं पडल्यावर मामा शेजारच्या गच्चीवरून टोपी घेऊन तडक निघून गेले. नोकरी गेली असती तरी चाललं असतं हो, पण राजनंदिनी जायला नको होती!

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"पोरगी दिली. पोराचं गणित खरं हाय, म्या सोता लोंबकळून बघितलंय. पन लगीन स्लॅबच्या हालात. आन् माजी पोरगी बंगळूरला रेल्वेनंच जानार. ह्यो बनिवतो त्या इमानात न्हाय!"

लग्न झालं. बंगळूरची आमची तिकिटं अजून वेटिंगवर आहेत.