ठिपका हलेना

मोजणीदाराने अकरा वर्षं ऑफिसातल्या टेबलाशी बसून नकाशांच्या नकला केल्या होत्या. अख्ख्या शहराच्या हद्दी त्याला तोंडपाठ होत्या, पण प्रत्यक्ष जमीन त्याने पाहिली होती ती बसस्टॉपपर्यंत. त्यामुळे उपग्रहावरून जागा दाखवणारं, हातात मावणारं ते नवं यंत्र साहेबांनी त्याच्या हवाली केलं, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं.

"आजची हद्द नोंदवून आलास, तर बाहेरचं काम कायमचं तुझं," साहेब म्हणाले. "नाहीतर टेबल आहेच."

हद्द होती टेलरमास्तर आणि बेकरीवाले या शेजाऱ्यांच्या परसांमधली. मधे भिंत घालायची यावर दोघांचं एकमत होतं. कुठे घालायची यावरून मात्र चार वर्षं अबोला होता.

"यांना सांगा, लिंबाचं झाड माझं आहे," टेलरमास्तर मोजणीदाराला म्हणाले. बेकरीवाले हातभर अंतरावर उभे होते.

"त्यांना सांगा, लिंबं माझ्याकडे पडतात!"

"आता निकाल वरूनच लागणार," मोजणीदार आभाळाकडे बोट दाखवत म्हणाला.

पडद्यावर लाल रेघ म्हणजे हद्द आणि निळा ठिपका म्हणजे मोजणीदार. ठिपका रेघेवर आला की खुंटी ठोकायची, एवढं सोपं काम. तो चालू लागला. ठिपका जागचा हलला नाही. सात-आठ पावलांनी ठिपका एकदाचा रेघेवर आला, तशी त्याने खाली वाकून खुंटी ठोकली. उठून पाहतो तर ठिपका रेघ ओलांडून सावकाश पुढे चालला होता. तो परत फिरला, तर ठिपका अजून जातच होता. दुपारपर्यंत सात खुंट्या झाल्या. एक बेकरीच्या भट्टीला टेकली होती आणि एक टेलरमास्तरांच्या न्हाणीघराच्या पलीकडे होती.

"म्हणजे माझं न्हाणीघर यांचं?" टेलरमास्तर किंचाळले.

"थोडा वेळ," मोजणीदार म्हणाला.

मग ठिपका साफच अडकला. मोजणीदाराने यंत्रावर छापलेल्या मदतीच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज फार गोड होता.

"वरती काही आहे का?"

"झाड आहे."

"मग झाडामुळेच अडतंय. मोकळं करा."

टेलरमास्तर आधी ऐकेनात. मग म्हणाले, "यांना सांगा, माझ्या फांद्या गेल्या तर यांचा पत्राही गेला पाहिजे." ही न्यायाची गोष्ट होती. फांद्या तोडल्या, बेकरीच्या गोदामावरचा पत्रा उतरवला. तेवढ्यात वारा सुटला आणि उघड्यावर पडलेल्या पोत्यांतलं पीठ तिघांच्या अंगावर बसलं. ठिपका ढिम्म.

"यंत्र बंद करून चालू केलंत का?" दुसऱ्यांदा फोन लावल्यावर बाईंनी विचारलं.

"हे आधी नाही का सांगायचं?"

"आधी झाडच विचारायचं असतं. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे."

यंत्र बंद करून चालू केलं. त्याबरोबर दिवसभराच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या आणि ठिपका, सकाळी ऑफिसात यंत्र तपासलं होतं तिथे, म्हणजे मोजणीदाराच्या टेबलापाशी, जाऊन बसला. मोजणीदार चालला, पळाला, शिडीवर चढून त्याने यंत्र आभाळाला दाखवलं. ठिपका टेबल सोडायला तयार नव्हता.

इकडे बोडकं खोड पाहून टेलरमास्तरांचं डोकं फिरलं. "आता याचं काय लोणचं घालू?" म्हणत त्यांनी बुंध्याशी कुऱ्हाड हाणली, ती खणकन वाजली. माती उकरल्यावर मुळांखाली घडीव दगड निघाला. त्यावर खोल फुली कोरलेली होती. जुना हद्दीचा दगड! झाड बरोबर मधोमध, निम्मं याचं आणि निम्मं त्याचं.

"मास्तर," बेकरीवाले चार वर्षांत पहिल्यांदा थेट म्हणाले, "झाड आपल्या दोघांचं होतं हो."

"होतं," टेलरमास्तर म्हणाले, आणि दोघांनी मिळून मोजणीदाराकडे पाहिलं. त्याने यंत्र पाठीमागे लपवलं.

पण काम तर झालं होतं. रस्त्याकडेला तशीच फुली असलेला दगड होता, त्यापासून या दगडापर्यंत सुतळी ताणली, पंधरा मिनिटांत हद्द आखली, दोघांनी कागदावर सह्या केल्या. सुंठेवाचून खोकला गेला म्हणत मोजणीदार जवळजवळ धावतच ऑफिसात आला.

साहेबांनी कागद बाजूला सारला आणि यंत्र कॉम्प्युटरला जोडलं.

"दगडाला आपल्या फॉर्ममध्ये रकाना नाही. यंत्राप्रमाणे तू सकाळपासून इथेच आहेस."

"साहेब, माझ्या अंगावर पीठ बघा! बुटांना माती बघा!"

"माणूस खोटं बोलेल. उपग्रह कशाला बोलेल?" साहेब शांतपणे म्हणाले. "आणि दिवसभर टेबलाशी होतास, तर एकही नक्कल का झाली नाही, याचा लेखी खुलासा दे."

मोजणीदाराने कोरा कागद घेतला आणि तो आपल्या टेबलाशी जाऊन बसला. दिवसभरात पहिल्यांदाच तो आणि ठिपका एका जागी आले.