संगणकाला कारणे दाखवा

आमच्या शेजारचे गुंडूअण्णा बिघडलेल्या यंत्रांना नोटीस बजावतात. मिक्सर बंद पडला तर मिक्सरला, गीझर रुसला तर गीझरला. ‘तीन दिवसांत कारणे दाखवा’ असं कन्नडमध्ये लिहून, खाली झोकदार सही ठोकून ते कागद त्या यंत्रावर चिकटवतात. कन्नडमध्ये का, असं मी एकदा विचारलं. “सरकारी पत्रव्यवहार कन्नडातच पाहिजे. भांडायला मराठी आहे की!” अण्णा तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण कचेरी अजून अण्णांमधून निवृत्त झालेली नाही.

गेल्या महिन्यात नोटीस संगणकाला लागली. मी गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात संगणक सांभाळते, त्यामुळे नवनगरातल्या आमच्या गल्लीत कुणाचंही काही अडलं की बोलावणं मलाच. गेले, तर स्क्रीनच्या मधोमध कागद. मुदत संपेपर्यंत तो काढता येणार नव्हता.

“अण्णा, मी याची वकील म्हणून आलेय,” मी म्हटलं.

अण्णा विचारात पडले. वकिलाला अडवणं नियमात बसेना. कागद एका कोपऱ्यात सरकला.

भानगड साधी होती. जुन्या कॅसेटवरून उतरवलेली गाणी अण्णा संगणकावर ऐकतात. त्यातली खरखर कमी करायला त्यांच्या मुलानं गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामला एक प्लग-इन जोडून दिलं होतं. प्रोग्राम आपणहून अपडेट झाला आणि प्लग-इन बंद पडलं.

“पूर्वसूचना नाही! कोण सांगितलं याला बदल म्हणून? मी सही केलो काय?”

मी प्लग-इनची नवी आवृत्ती बसवली. कमलाक्कांचं गाणं सुरू झालं. कमलाक्का म्हणजे अण्णांची बायको. त्या गेल्या त्याला तीन वर्षं झाली. गल्लीतल्या निम्म्या बायका त्यांच्याकडे गाणं शिकल्या. आवाज इतका स्वच्छ आला की मी स्वतःवरच खूश झाले.

अण्णा म्हणाले, “नाही झालं.”

दुसऱ्या दिवशी स्पीकर बदलला. नाही झालं. तिसऱ्या दिवशी वायरी बदलल्या. नाही झालं. रोज चार वाजता अण्णा स्वतःसाठी चहा करून संगणकाशेजारी ठेवत आणि तो तसाच गार होई. म्हातारपणी विसरायला होतं, असं मी धरून चालले. शेवटी माझा पारा चढला.

“गाणं वाजतंय, खरखर गेली, आणखी काय पाहिजे तुम्हाला?”

अण्णा खिडकीकडे बघायला लागले. “सुरुवात गेलीय ग.”

“पहिल्या शब्दापासून वाजतंय की!”

“त्याच्या आधीचं,” ते हळूच म्हणाले.

मी सेटिंग उघडलं. नव्या प्लग-इनमध्ये एका चौकोनात बरोबरची खूण होती: गाण्याआधीची शांतता कापा. अगदी हलका आवाजही ते शांततेतच धरत होतं. मी खूण काढली आणि पुन्हा लावलं.

आधी थोडी खरखर. मग लांबून, दबक्या आवाजात कमलाक्का: “अहो, बटण दाबलात काय? थांबा. आधी चहा घ्या बघू, गार व्हायला लागलाय.” आणि मग गाणं.

गाणं सुरू होताच अण्णांनी ते थांबवलं. “साकु, पुरे एवढंच. गाणं काय, ती सगळ्यांसाठी म्हणायची.”

मला माझ्या चिडण्याची फार लाज वाटली. मी उगाच वायरी गुंडाळत बसले. अण्णांनी कोपऱ्यातली नोटीस काढली, तिच्यावर ‘खुलासा मान्य’ असा शेरा मारला आणि सही केली. मग आत जाऊन ताजा चहा करून आणला, कप संगणकाशेजारी ठेवला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

“...आधी चहा घ्या बघू,” कमलाक्का म्हणाल्या.

अण्णांनी कप उचलला.