बटणांचा दरोडा

बँकेचा वॉचमन दुकानात आला तेव्हा मास्तर एका पँटला उलटी चेन लावून बसले होते. ती उलटी लागली आहे हे त्यांना कळलं होतं. पण उसवायचा कंटाळा आला होता, म्हणून ते तिच्याकडे नुसतेच बघत होते, जणू बघून बघून ती सुलटी होणार होती.

"मास्तर, चला. बँकेत बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

"का हो? नवे कोट घट्ट झाले?"

"कोटांचं माप झकास आहे. भानगड आत आहे."

"अस्तर फाटलं?"

वॉचमनने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग अंगातला नवा निळा कोट उघडून कॉलरची खालची बाजू दाखवली. तिथे पांढऱ्या कापडाची बोटभर पट्टी कच्च्या टाक्याने टाचलेली होती. तिच्यावर मास्तरांच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'दिवे घालवणारा'.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. हातात खडू होता, तो कपाळावर उमटला.

"बाकीचे कोट मोठ्या साहेबांनी टेबलावर जप्त करून ठेवलेत," वॉचमन म्हणाला. "हा माझ्या अंगात होता म्हणून वाचला. हेड ऑफिसचे साहेब आलेत तपासणीला. म्हणतात, बँक लुटायचा कट आहे."

आता ही पट्टी काय प्रकार होता ते सांगायला हवं. कोणताही शिंपी शिवायला घेतलेल्या कपड्याला गिऱ्हाइकाचं नाव किंवा नंबर टाचून ठेवतो. मास्तरांना नावं लक्षात राहत नसत आणि नंबर ते उलटे वाचत. एकदा त्यांनी एका पहिलवानाचा शर्ट एका किडकिडीत कंपाउंडरला दिला होता. कंपाउंडर आतल्या आत वळून मागे बघू शकत होता, शर्ट पुढेच बघत राहायचा.

तेव्हा मास्तरांची बायको काज करता करता म्हणाली होती, "अहो, तुम्हाला माणसाचं नाव राहत नाही, पण त्याची गोष्ट राहते. मग गोष्टच लिहू या ना."

आणि दोघांनी सिनेमा काढायला घेतला. मनातल्या मनात. एक महाखलनायक असतो, साधासुधा गुंड नव्हे, सगळ्या जगाला वेठीला धरणारा. तो एक दरोडा घालणार असतो. मास्तर म्हणाले, सोनं चोरू. तिने तोंड वाकडं केलं.

"सोनं कोणीही चोरतं. बटणं चोरा. जगातली सगळी. दुसऱ्या दिवशी अख्खं जग एका हाताने शर्ट आणि एका हाताने पँट धरून आपल्या दारात उभं. दोन्ही हात अडकलेला माणूस लढणार कशाने?"

एवढी बटणं ठेवलेली असणार कुठे, तर समोरच्या बँकेच्या तिजोरीत. मग गिऱ्हाईक दुकानात आलं की दोघं त्याच्याकडे बघत, आणि तो गेला की त्याला भूमिका मिळे, तीच त्याच्या कपड्यावरच्या पट्टीवर लिहिली जाई. कोणी भुयार खणणारा, कोणी खोटं रडणारी. नुसती टोळी असून भागत नाही, सिनेमाला माणसं लागतात म्हणून कोपऱ्यावरचा चहावाला कॅमेरामन झाला, कारण रस्त्यावर काय घडणार हे त्याला घडायच्या आधीच दिसत असे. सलूनवाल्याकडे मेकअप गेला. एक बाई वाक्य कधीच पुरं करत नसत, त्यांना संवाद लिहायला दिले.

महाखलनायक अर्थातच मास्तर. त्यांनी स्वतःसाठी काळा झगासुद्धा बेतून ठेवला होता, मनातल्या मनात, आतून सोळा खिशांचा.

"मीच ना गं म्होरक्या?" ते मधूनमधून विचारत.

"तुम्हीच हो," ती म्हणे, आणि दाताने दोरा तोडे.

हे दोघांतलं गुपित होतं. कपडा तयार झाला की पट्टीचा टाका कापायचा, घडी घालायची, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, हा शेवटचा हात तिचा असे. इतका तिचा, की हे एक काम आहे हे मास्तरांना कधी कळलंच नव्हतं. त्यांना वाटे, पट्ट्या आपोआप गळतात.

ती गेल्यावर मास्तरांनी सिनेमा बंद केला. नंबर टाकू लागले, चुकू लागले, शेजारपाजारचे लोक चुकीचे कपडे आपसांत बदलून घेत, पण कोणी तक्रार करत नसे. मग बँकेचे कोट आले. सगळे एकाच निळ्या कापडाचे. नंबर टाकायला त्यांनी पेन उचललं आणि का कोण जाणे, वॉचमनच्या पट्टीवर लिहिलं, 'दिवे घालवणारा'. दुसरी लिहिली, तिसरी लिहिली. तिसरी लिहून झाली तेव्हा आपण शीळ घालतोय हे त्यांच्या लक्षात आलं. वर्षभरात पहिल्यांदा. त्या आनंदात त्यांनी कोट शिवले, इस्त्री केली आणि नेऊन दिले. पट्ट्यांसकट.

"पण साहेबांना सापडल्या कशा?" रस्ता ओलांडताना त्यांनी विचारलं.

"त्यांचाही कोट निळाच. जेवायला जाताना खुंटीवरून चुकून कॅशियरबाईंचा घातला. मानेला काहीतरी टोचलं. काढून बघतात तर 'आतून दार उघडणारी'. तिजोरीची किल्ली बाईंकडेच असते ना. साहेब म्हणालेत, चौकशी संपेपर्यंत बाईंनी घरी बसायचं."

मास्तर रस्त्याच्या मधोमध थांबले. एक रिक्षावाला त्यांच्या खानदानाबद्दल काहीतरी बोलून गेला.

"बाई काय म्हणाल्या?"

"काही नाही. तोंड घट्ट मिटून बसल्यात. म्हणून तर साहेबांचा संशय वाढला."

कॅशियरबाईंनी नवऱ्याच्या माघारी दोन मुलींना त्या खिडकीमागे बसून मोठं केलं होतं. मास्तर झपाझप चालू लागले.

मॅनेजरच्या केबिनमध्ये टेबलावर कोट पालथे पडले होते. मोठे साहेब खुर्चीत होते. मॅनेजर स्वतःच्याच केबिनमध्ये उभे होते, त्यामुळे ते कमी उंच वाटत होते. कॅशियरबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. 'बोलू नका' असं त्यांना म्हणायचं असावं. का, ते मास्तरांना कळेना.

"हे अक्षर तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"'आतून दार उघडणारी' म्हणजे कोण?"

"साहेब, तो आमचा सिनेमा आहे."

"कोणता सिनेमा?"

"निघालेला नाही. म्हणजे निघणारच नव्हता. मी आणि आमची मंडळी, आम्ही दोघंच..." आणि मास्तरांना घाम फुटला. जी गोष्ट बंद दुकानात काज-बटण करताना इतकी शहाणपणाची वाटत असे, ती केबिनमध्ये बोलायला गेलं की वेडेपणाची होत होती. तरी त्यांनी सांगितली. सगळी. कॅशियरबाईंची नोकरी जात होती, तिथे स्वतःची अब्रू घेऊन काय करायचं होतं?

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चोरणार काय होतात?"

"बटणं."

"बटणं हा कशासाठी सांकेतिक शब्द?"

"कशासाठीच नाही साहेब. बटणं. शर्टाची. चार भोकांची."

साहेबांनी तिसरा कोट उचलला. "आणि हे? 'शेवटपर्यंत ज्याला काहीच कळत नाही तो'?"

"हा कोट माझा नाही," मॅनेजर घाईने म्हणाले.

"खिशावर तुमच्या नावाची पाटी आहे."

मॅनेजरनी पाटीकडे असं पाहिलं, जणू तिनेच त्यांना दगा दिला होता. "मास्तर, मी तुमच्याकडून बारा वर्षं कपडे शिवून घेतो!"

"म्हणून तर भूमिका मोठी आहे हो. शेवटपर्यंत आहात तुम्ही."

"टोळीचा म्होरक्या कोण?" साहेबांनी मध्येच विचारलं.

मास्तरांनी पाठ ताठ केली. हे वाक्य चारचौघांत म्हणायची त्यांची फार वर्षांची इच्छा होती. फक्त प्रसंग असा असेल असं वाटलं नव्हतं.

"मी."

वॉचमनला ठसका लागला. कॅशियरबाईंना पदराचं टोक सापडलं नाही, तेव्हा त्यांनी रुमाल तोंडाला लावला. महाखलनायकाच्या कपाळावर अजून खडू होता.

"या तुमच्या खेळाला साक्षीदार कोण?" साहेब म्हणाले.

"आमची मंडळी."

"बोलवा त्यांना."

मास्तरांनी टेबलावरचा एक कोट उगाच सरळ केला. हे उत्तर द्यायची सवय त्यांना अजून झाली नव्हती.

"त्या नाहीत, साहेब," शेवटी वॉचमन म्हणाला. "मागच्या वर्षी गेल्या. पण साक्षीदार मी आहे."

"तू?" मास्तर म्हणाले.

"वहिनी कपडे हातात देताना कानात सांगायच्या. मला म्हणाल्या होत्या, तुला दिवे घालवायचेत, नीट सराव कर. तेव्हापासून मी बँकेचे दिवे बंद करताना जरा ऐटीतच करतो."

"मलाही सांगितलं होतं," कॅशियरबाई म्हणाल्या. "दर वेळी विचारायच्या, दार उघडशील ना गं आयत्या वेळी? घाबरणार नाहीस ना?"

"अहो बाई, मग बोलला का नाहीत?" साहेब वैतागले. "घरी बसवत होतो मी तुम्हाला!"

"वहिनींनी शपथ घातली होती. मास्तरांना कळू द्यायचं नाही. त्यांना वाटतं हे दोघांतच आहे, तर त्यांना तसंच वाटू दे, म्हणाल्या." बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. "आता कोणाला विचारून मोडायची ती शपथ?"

मास्तरांना खुर्ची लागली. वॉचमनने दिली.

मॅनेजरनी घसा साफ केला. "आता निघालंच आहे म्हणून सांगतो. मलाही माहीत होतं. मला त्यांनी सांगितलं होतं की मी गुप्तहेर आहे. वरून साधा, आतून कसलेला."

वॉचमन आणि कॅशियरबाईंनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्हाला असं सांगितलं होय?" वॉचमन म्हणाला.

"म्हणजे? काय म्हणायचंय तुला?"

"काही नाही साहेब. बरोबर आहे."

मोठे साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. वळले तेव्हा चेहरा पुन्हा हेड ऑफिसचा झाला होता, पण डोळे पुसायचे राहिले होते. "कट नाही असं लिहितो," ते म्हणाले. "बटणांचा उल्लेख करत नाही. वर कोणाला पटणार नाही."

सगळे सुटकेने हलले. मास्तर मात्र खुर्चीतच होते.

"आणि माझं काय सांगायची ती?" त्यांनी विचारलं. "म्होरक्या ना?"

कॅशियरबाई रुमालाची घडी घालू लागल्या.

"राहू दे ना मास्तर," त्या म्हणाल्या.

"सांगा हो."

"म्होरक्या त्या स्वतः होत्या."

"आणि मी?"

बाईंनी वॉचमनकडे पाहिलं. वॉचमनने छताकडे पाहिलं. मग बाईच म्हणाल्या, "पकडला जाणारा."

"काय?"

"म्हणायच्या, आमचे हे कामाला पक्के. त्यांच्याइतका हात कोणाचा नाही. पण निघताना काहीतरी मागे ठेवून येणार, आणि तेवढ्यावरून अख्खी टोळी सापडणार. म्हणून शेवटचा हात मी कोणाला देत नाही, म्हणायच्या."

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर निळे कोट होते आणि त्यांच्यावर पांढऱ्या पट्ट्या, अगदी पुरावा म्हणून मांडल्यासारख्या.

मास्तर हसले की काय ते नीटसं कळलं नाही. त्यांनी मॅनेजरच्या टेबलावरची कात्री मागून घेतली आणि एकेक टाका कापला. कच्चा टाका एका बाजूने कापला की दोरा सरळ ओढता येतो, पट्टी आपोआप सुटते. एवढी वर्षं तो टाका त्यांनीच घातला होता, आणि तो किती सहज निघतो हे त्यांना आज कळत होतं. पट्ट्या त्यांनी खिशात टाकल्या. बटणाच्या खिशात.

निघताना मोठे साहेब दारापर्यंत आले. "मास्तर, माझ्या या कोटाची बाही जरा लांब वाटते का हो?"

"लांबच आहे."

"मग टाकून जाऊ का तुमच्याकडे?" आणि आवाज खाली आणून, "टोळीत जागा आहे?"

साहेब मुक्काम संपताना कोट न्यायला आले. मास्तरांनी बाही कमी केली होती, कॉलर नीट बसवली होती. घडी घातली, कोट हातात दिला, आणि इकडेतिकडे बघून साहेबांच्या कानाशी वाकले. हे काम त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं. कानाच्या किती जवळ जायचं याचा अंदाज चुकला, चष्म्याला चष्मा लागला.

"तुम्ही पाठलाग करणारे," ते म्हणाले. "बोटातून सुईसुद्धा निसटू न देणारे. कोणाला सांगू नका."

साहेब खूश झाले. कोट अंगात घालून ऐटीत रस्ता ओलांडू लागले. मास्तर दारात उभे राहून बघत होते. आज सगळं जमलं होतं. वाक्य नीट पडलं होतं, घडी नीट पडली होती. तीही याच दारात उभी राहून गिऱ्हाइकाला जाताना बघायची.

रस्त्याच्या मधोमध साहेब थांबले. त्यांनी मानेमागे हात नेला. मग वळले आणि परत आले.

"मास्तर," ते कॉलर उलटी करून दाखवत म्हणाले, "पट्टी राहिली."

मास्तरांनी कात्री उचलली. "सापडलो," ते म्हणाले. पण हे ते साहेबांकडे बघून म्हणाले नव्हते.