जरा सिरा धरा

मौलामियांनी एकदा मापाचा नवा कोरा टेप पातेल्यात घालून चांगली उकळी येईपर्यंत शिजवला. चुलीशेजारी उकिडवं बसून ते तो पळीनं हलवत होते. मी भिंतीवरून डोकावलो आणि विचारलं, मिस्त्री, मीठ घातलं का? त्यांनी पळीवर टेप उचलून त्याचे आकडे उजेडात निरखले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "मीठ नाय घातलं पंत. मिठानं पितळी कडी हिरवी पडंल."

थट्टा त्यांना कळत नसे असं नाही. टेपाच्या बाबतीत कळत नसे.

हे मौलामियां बेगमपुऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. निजाम सरकारच्या अमलात आमच्या औरंगाबादेत नुकती बिजली आली होती, आणि ती लोकांच्या भिंतींवरून खेळवण्याचं काम करणारे जे चार-दोन मिस्त्री होते त्यांतले हे एक. ठेकेदार किसनलालजींकडे ते वायरिंग करायचे आणि मी तिथंच मुन्शी होतो. तेव्हा शेजार सुटत नव्हता आणि नोकरीही सुटत नव्हती. माणसाच्या पत्रिकेत असे योग असतात.

त्या काळी वायर सागवानी पट्टीच्या खोबणीतून न्यायची आणि वरून झाकणपट्टी ठोकायची. म्हणजे सगळा धंदा मापाचा. मिस्त्रींनी माप घ्यायचं, मी ते लिहायचं, सुतारानं तेवढी पट्टी कापायची. माप चुकलं की पट्टी तोकडी, आणि पट्टी तोकडी निघाली की सेठजी माझ्या टेबलापुढं उभे. मिस्त्री तोवर शिडीवर. शिडीवरच्या माणसाला कुणी ओरडत नाही, कारण तो दचकून पडला तर खर्च वाढतो.

मिस्त्रींचा जुना टेप माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला होता. त्याचा पुढचा एक फूट झिजून तुटला होता. तरी ते तोच वापरायचे आणि येईल त्या मापातून एक फूट वजा करायचे. हिशेब सोपा होता, पण वजा करायचं ध्यानात राहायला हवं. एका वकिलाच्या घरी ते विसरले आणि सगळ्या पट्ट्या फूटभर लांब आल्या. पुढच्या घरी त्यांनी मागची भरपाई म्हणून की काय, दोनदा वजा केलं. त्या दिवाणखान्यात पट्टी कोपऱ्याच्या अलीकडेच थांबली आणि पुढं वायर उघडीच लोंबत राहिली. घरमालकांनी विचारलं, हे असं का? मिस्त्री म्हणाले, हवा खेळती राहती.

मग नवा टेप का घेत नाही, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारायचो. अख्खं शहर विचारायचं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "घ्यायचाच हाय पंत. पन पायदारी पाह्यजे." पायदारी म्हणजे टिकाऊपणा. हा शब्द ते असा उच्चारायचे, की ऐकणाऱ्याला स्वतःच्याच टिकाऊपणाची शंका यावी.

त्यांच्या मते कापडी टेप घ्यावा तर तो ओलाव्यानं ताणतो, घामानं आकडे पुसतात आणि घडीवर फाटतो. पोलादी घ्यावा तर त्याला गंज चढतो, आणि ते एक दुखणं सोसलं तरी दुसरं मोठं आहे. "पोलाद म्हंजे बिजलीचा सख्खा भाऊ. मी शिडीवर, हातात पोलाद, वर चालू तार. भाऊ भावाला भेटला का माझं काय?" कापडात पितळी तारा विणलेला टेप दाखवला तर म्हणायचे, हा मावसभाऊ. अशा रीतीनं सगळं गणगोत बाद झालं होतं आणि मिस्त्री वर्षानुवर्षं टेप निवडत होते. लोकांनी एवढ्या वेळात मुलींची लग्नं करून नातवंडं पाहिली.

शहागंजातले ताहेरभाई बोहरी हे हत्यारांचे व्यापारी. सज्जन गृहस्थ. एकदा त्यांनी मिस्त्रींना टेप जांगड दिला, म्हणजे घरी नेऊन पाहा, पटला तर ठेवा, नाही तर परत आणा. आयुष्यात त्यांच्या हातून घडलेली ही एकच चूक असावी. तेव्हापासून त्यांच्या दुकानातला एकेक टेप बेगमपुऱ्यात येऊन हाल भोगून जाऊ लागला. एक हौदात भिजत पडला. एक गच्चीवर उन्हात वाळवणासारखा पसरला. एकावरून टांग्याचं चाक नेण्यात आलं, आणि टांगेवाल्याला वर चहा. एकदा तर त्यांनी टेप शेळीपुढं धरला. उंदीर कुरतडतील की नाही ते आधीच कळावं म्हणून. शेळीनं तो इतक्या आवडीनं चावला, की ताहेरभाईंनी त्या दिवशी मिस्त्रींना दुकानाची पायरी चढू दिली नाही. चार दिवसांनी मात्र पुन्हा टेप दिला. चांगुलपणा हा रोगच आहे, त्याला औषध नाही.

या सगळ्यांतून जो टेप वाचे, त्याची शेवटची परीक्षा आम्हा शेजाऱ्यांच्या बोकांडी बसायची. सुट्टीच्या दिवशी मी जरा पाठ टेकली, की भिंतीपलीकडून हाक. "पंत, जरा सिरा धरा."

सिरा म्हणजे टेपाचं कडीकडचं टोक. मी कडी धरून त्यांच्या अंगणातल्या भिंतीशी उभा राहायचो. ते चामडी डबी घेऊन पलीकडच्या टोकाला जायचे, टेप ताणायचे आणि थांबायचे. नुसते थांबायचे. आकडा पाहत नसत, बोलत नसत. मान थोडी कलती करून, कुणाची तरी हाक यायची आहे तसे उभे राहायचे. मला वाटायचं, कापडाचा ताण जोखत असतील. मग त्यांचा चेहरा पडायचा आणि ते डबीची मूठ फिरवून टेप गुंडाळू लागायचे. "नाय पंत. यात पायदारी नाय."

मी सापडलो नाही तर दूधवाला सापडायचा. पोस्टमन सापडायचा. एकदा मशिदीकडं निघालेल्या काझीसाहेबांना त्यांनी सिरा धरून उभं केलं. एकदा वरातीतल्या नवरदेवाच्या मामाला. मामा माप संपेपर्यंत उभे राहिले आणि वरात पुढच्या गल्लीत गेली. गल्लीतले लोक मिस्त्रींच्या दारावरून जाताना हात पाठीमागं बांधून जाऊ लागले.

पूर्वी हा त्रास नव्हता. त्यांची बायको जमीलाबी होती, तोवर तीच कामावर सोबत जायची. बड्या घरच्या जनान्यात परका पुरुष कसा जाणार? तेव्हा टेपाची कडी घेऊन जमीलाबी पडद्याच्या आत आणि डबी घेऊन मिस्त्री बाहेर. पडद्याखालून टेप. अशी निम्म्या शहराच्या जनान्यांची मापं या जोडप्यानं घेतली होती. मग ती तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर आतून कडी कधी मोलकरीण धरी, कधी खिळ्याला अडकवावी लागे. टेप निवडण्याचं खूळही साधारण तेव्हापासूनचंच. पण माणूस एकदा विक्षिप्त ठरला की त्याचा इतिहास कुणी तपासत नाही.

शेवटी किसनलालजींचा संयम संपला. जालना दरवाज्याकडच्या एका जहागीरदारांच्या हवेलीचं मोठं काम आलं होतं. सेठजींनी मिस्त्रींना बोलावून माझ्यासमोर बजावलं, की या हवेलीत तुटका टेप चालणार नाही. नवा टेप घेऊन या, नाही तर घरी बसा, जालन्याहून दुसरा मिस्त्री यायला तयार आहे. सेठजी नुसतं बोलणारे नव्हते, हे मला ठाऊक होतं. मिस्त्रींचं वय झालेलं, आणि दुसरा ठेकेदार त्यांना उभं करणार नव्हता. हे काम गेलं असतं तर शिडी कायमची भिंतीला टेकली असती.

आणि नुसतं बजावून ते थांबले नाहीत. त्यांनी मुंबईहून एक टेप मागवला. तसला आम्ही कुणीच पाहिला नव्हता. मुठीएवढी डबी, आत पोलादी पट्टी, बाहेर ओढली तरी ताठ उभी राहणारी, आणि पुढं हुकासारखा एक वाकडा आकडा. तो आकडा लाकडाच्या कडेला अडकवला की झालं. गंज चढू नये म्हणून वर मुलामा. तार चालू असेल तिथं बटण बंद करून माप घ्या, म्हणजे भाऊ-भाऊ भेटायचा प्रश्न नाही, असंही सेठजींनी समजावलं. मी म्हटलं, सुटलो. बेगमपुरा सुटला. काझीसाहेब सुटले.

हवेलीतली मंडळी लग्नासाठी हैदराबादेस गेली होती. घर रिकामं. मिस्त्रींनी तो टेप घेतला आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात असे एकटेच फिरले. आकडा अडकवायचा, पट्टी ओढायची, माप सांगायचं. एका शब्दाची तक्रार नाही. दिवाणखाना, ओसरी, माडीचा जिना झरझर आटोपला. सेठजी खूश झाले आणि टांग्यात बसून गेले. मी त्यांनी सांगितलेली मापं लिहीत होतो आणि मनात म्हणत होतो, की ही अक्कल आधी यायला हवी होती.

मग जनान्याचं दार आलं. दारावर जाड पडदा. आत चिटपाखरू नाही, तरी मिस्त्री पडद्याबाहेर थांबले. सवयीनं थांबले असतील. मग त्यांनी तो मुंबईचा टेप बंद करून माझ्या हातात दिला.

"सेठजीला द्या पंत. माल पायदार हाय. लई टिकंल. पन मला नको."

मी चिडलो. म्हटलं, मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे का? उद्या घरी बसाल. आता याच्यात काय खोट काढली?

"खोट काय नाय. याला सिरा धरायला मानूस लागत नाय." ते पडद्याकडं पाहत म्हणाले. "परक्याच्या घरात बोलता येत नसायचं, पंत. ती आत, मी बाहेर. तिनं कडी भिंतीला टेकवली का एक हिसका द्यायची. हलका. मला कळायचं. मग मी आकडा वाचायचो. त्यो पुढचा फूट तिच्याच हातात झिजला. ती गेली तवापासून कुनाच्या बी हाती सिरा दिला, तर टेप नुसता ताठ. हिसका येत नाय."

अंगणात त्यांचं ते मान कलती करून थांबणं मी किती वर्षं पाहिलं होतं, आणि मला ते कापडाचा ताण जोखणं वाटत होतं.

माझ्या पिशवीत ताहेरभाईंनी जांगड दिलेला एक साधा कापडी टेप होता. मुंबईचा ऐन वेळी दगा देईल म्हणून मीच आणला होता. शिजवलेला नव्हता, शेळीनं चाखलेला नव्हता. त्याची डबी मी मिस्त्रींच्या हातात ठेवली आणि कडी घेऊन पडदा बाजूला करून आत गेलो. पडदा मागं पडला. आत गारवा होता, आणि बाहेरचं काही दिसत नव्हतं.

पलीकडच्या भिंतीशी जाऊन मी कडी टेकवली आणि एक हिसका दिला. हलका.

बाहेरून काही आवाज आला नाही. मला वाटलं, आपण भलतंच केलं. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, एवढ्यात मिस्त्रींनी आकडा वाचला. मी तो आकडा तोंडातल्या तोंडात म्हणत बाहेर आलो, म्हणजे लिहून घेता येईल. ते माझ्याकडं पाठ करून टेप गुंडाळत होते.

"हा घेतो पंत," ते म्हणाले.

मी विचारलं, पायदारी पाहायची नाही का?

"टिकंल," ते म्हणाले, आणि गुंडाळत राहिले.

टेप नवा होता, अखंड होता, आणि मापं बरोबर होती, त्यामुळे सेठजींना बोलायला जागा उरली नाही. मुंबईचा टेप त्यांच्या खणात पडून राहिला. मिस्त्री पुढं शिडी चढता येईनाशी होईपर्यंत कामावर राहिले. टेप काही फारसा टिकला नाही. पहिल्याच पावसाळ्यात त्याचे आकडे पुसू लागले. तोवर मापाच्या दिवशी माझं टेबल रिकामं दिसलं तर मुन्शीजी कुठं गेले, हे विचारायचं सेठजींनी सोडून दिलं होतं.