लायमनच्या कोपराची मूळ झीज

लायमन पिंगरीला शनिवारी स्वतःचा कोट घालायचा होता. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस याहून कमी काय मागणार? तरीही ही मागणी नियमात बसत नव्हती.

कोट तपकिरी ट्वीडचा, खांद्यांत भर नसलेला. तीन बटणं, त्यांतलं मधलंच लावायचं. कॉलेजात असताना हॅरोफील्डच्या मुख्य रस्त्यावरच्या थॅकर अँड डोनमधून घेतलेला. त्या काळी कोरा कोट घालून वर्गात जाणं म्हणजे बापाकडे नुकताच पैसा आल्याची दवंडी पिटणं. म्हणून लायमन तो आठवडाभर गादीखाली घालून झोपला होता. पुढे हाच कोट घालून त्याने कॉर्डेलियाला मागणी घातली आणि वर्गाच्या प्रत्येक मेळाव्यात तिच्याबरोबर नाचला. डॉक्टरांनी त्याच्या हृदयाबद्दल जे सांगितलं, ते तिने त्याला सांगितलं नव्हतं आणि त्याला ते ठाऊक होतं. त्यामुळे शनिवारच्या मेळाव्यानंतरच्या मेळाव्याचा विषय घरात निघत नसे.

पण कोट होता वारसावस्त्र समितीकडे. थॅकर अँड डोन कधीचं बंद पडलेलं. म्हातारे डोन गिऱ्हाइकाला सांगत, "हा तीस वर्षं टिकेल. उगाच परत येऊ नका." गावाने त्यांचा शब्द पाळला. आता त्याच दुकानात दुकानाचं प्रदर्शन भरलं होतं आणि लायमनचा कोट दोन आठवड्यांच्या बोलीवर तिथे गेला होता.

"नेता येणार नाही, मिसेस पिंगरी," समितीचे सचिव विन्स्लो टेनी कॉर्डेलियाला म्हणाले. "उजव्या कोपराची मूळ झीज आम्ही प्रमाणित केली आहे. नाचलं की झीज वाढते."

"ती झीज माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर झालीय, विन्स्लो."

"म्हणूनच अमूल्य आहे!"

"तुझा बाप हाच कोट उसना नेऊन मुलाखतीला गेला होता. आणि तू आज मला नियम शिकवतोस?"

टेनी विरघळले. वस्त्र मूळ धारकाला आवारातच घालू देण्याची तरतूद त्यांनी शोधून काढली. शनिवारी सकाळी लायमन प्रदर्शनाच्या दोरीच्या आत गेला, कोट घातला, आरशात बघून लाजला आणि निघायचं म्हणून बटण सोडू लागला.

"उतरवू नका!" टेनी ओरडले. "अस्तर घासलं जाईल. बॉस्टनहून तज्ज्ञ येतील, त्यांच्या देखरेखीखालीच."

"कधी येणार ते?"

"सोमवारी."

"मग असाच जातो."

"कोट आवाराबाहेर जाऊ शकत नाही. तुम्ही खुशाल जा."

दुपारी मेळाव्याची मंडळी प्रदर्शन बघायला आली. लायमनला खुर्ची दिली होती, पण कोपर टेकायला मनाई होती. लोक कोपर बघून हळहळले.

"अशी दुकानं आता राहिली नाहीत गं," मिल्ड्रेड थेअर डोळे पुसत म्हणाली.

"तू शेवटचं काय घेतलं होतंस इथे?" कॉर्डेलियाने विचारलं.

"मी? छे गं, महामार्गावरच्या मॉलमध्ये स्वस्त पडायचं. पण इथली काचेतली मांडणी मी कायम बघायची हं!"

"कॉर्डेलिया," दोरीच्या आतून लायमन म्हणाला, "माझा पाय झोपलाय. आणि बँड सुरू झाला वाटतं."

"बोलतो पण!" गर्दी खूश झाली. फोन वर गेले.

कॉर्डेलिया तडक रस्ता ओलांडून समोरच्या साल्वातोरेच्या दुकानात शिरली. बूट सांधणारा, बटणं विकणारा साल्वातोरे गिऱ्हाईक बघून दचकून उभाच राहिला. ती चामड्याचा तुकडा, सुई आणि मेणाचा दोरा घेऊन परतली, दोरीखालून वाकून आत गेली आणि नवऱ्याच्या मांडीशी बसून कोपराला ठिगळ लावू लागली.

"मिसेस पिंगरी! हे काय करताय?"

"साठ वर्षं करतेय तेच. हलू नकोस रे, टोचेल."

टेनींनी ठिगळाकडे पाहिलं, प्रमाणपत्राकडे पाहिलं आणि ते एका खुर्चीत बसले. "गेली. मूळ झीज गेली. आता हा नुसता कोट आहे."

"मग नुसत्या माणसाला घालू दे."

त्या संध्याकाळी लायमन तीन गाणी नाचला. चौथ्याला बसून राहिला, तिचा हात त्या ठिगळावर होता.

प्रदर्शनातली जागा मात्र रिकामी पडली. टेनी काचेतून समोरच्या दुकानाकडे बघत होते. मग त्यांनी मिल्ड्रेडला विचारलं, "हा साल्वातोरे किती दिवस काढेल हो?"

"वर्षभर, फार तर. कुणी जातंच नाही बिचाऱ्याकडे."

"छान," म्हणत टेनींनी त्याच्या पाटीचं माप घ्यायला माणूस पाठवला. पुढच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गर्दी होईल. तुम्ही तर याल याची त्यांना खात्रीच आहे. जुन्या दुकानांवर तुमचा किती जीव आहे, ते तुम्ही आत्ता हे वाचतानाही दिसतंच आहे.