प्रस्तुत पदार्थाची चौकशी

राख उपयोजन महामंडळाची स्थापना राखेचा उपयोग शोधून काढण्यासाठी झाली होती. नऊ वर्षांत तो सापडला नव्हता, परंतु शोध समाधानकारकरीत्या सुरू होता. हे वाक्य दरवर्षीच्या अहवालात मीच लिहीत असे, कारण मी तेथे वरिष्ठ लिपिक होतो. नागपुराहून कोराडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर महामंडळाची कचेरी आणि तिला लागूनच विश्रामगृह होते. त्याच्या खिडकीतून वीजकेंद्राची धुराडी स्पष्ट दिसत, विशेषतः खोलीतले दिवे गेले की.

एकोणीसशे त्र्याऐंशी साली अमेरिकेहून हॅरिस नावाचे तज्ज्ञ आले. चाळीस दिवस त्यांनी राखेचे निरीक्षण केले आणि ती राखच असल्याचा अभिप्राय दिला. जायला चार दिवस उरले तेव्हा त्यांनी आपल्या पेटीतून विजेचे एक भांडे काढले. बाहेरून पत्रा, आतून चिनी मातीचा खोलगट गडू, खाली एक वायर. बटणावर मंद आणि अतिमंद असे दोनच वेग होते, त्यामुळे त्याची कार्यपद्धती महामंडळात सर्वांना चटकन समजली. सोबत त्यांच्या पत्नीने मासिकातून कापलेली एक कृती होती. डुकराच्या खांद्याचे मांस गूळसदृश साखर, सोयाबीनचे काळे पाणी, आले, लसूण आणि आंबट घालून आठ तास मंद शिजवायचे आणि मग त्याचे धागे सोडवायचे. निरोपाच्या जेवणात हे सर्वांना खिलवण्याची साहेबांची इच्छा होती. महामंडळातून दोन अधिकाऱ्यांना परदेशी पाठवायचे की नाही, हे हॅरिस साहेबांच्या शिफारशीवर ठरणार होते. त्यामुळे त्यांची इच्छा म्हणजे राजशिष्टाचार झाला.

पहिली अडचण शब्दाची आली. प्रशासन अधिकारी मारोतराव कपाळाला गंध लावून कचेरीत येत. त्यांनी माझी टिपणी परत पाठवली. "हा शब्द माझ्या सहीच्या वर नको," ते म्हणाले. मी 'वराह' लिहिले. त्यात देवाचा अवतार येतो म्हणून लेखा अधिकारी ओमप्रकाशजींनी ते खोडले. शेवटी 'प्रस्तुत पदार्थ' यावर एकमत झाले. कामठीच्या छावणीतून प्रस्तुत पदार्थ चार किलो आणावा, असा आदेश निघाला. जीपचा चालक दिवसभर छावणीत 'प्रस्तुत पदार्थ' मागत फिरला आणि संध्याकाळी शेवटी मनुष्यासारखा बोलला, तेव्हा तो मिळाला.

दुसरी अडचण कृतीच्या मथळ्याची. त्यात पदार्थ 'आशियाई चवीचा' असावा, असे म्हटले होते. नागपूर आशियात येते याबद्दल कोणाला शंका नव्हती, पण चव आशियाई आहे हे प्रमाणित कोण करणार? आदल्या वर्षी दिल्लीत आशियाई खेळ झाले होते, म्हणून क्रीडा खात्याला विचारावे असे ओमप्रकाशजींनी सुचवले. पत्र गेले. त्याचे उत्तर अजून यायचे आहे.

हे सगळे प्रत्यक्ष शिजवायचे होते पंचफुलाबाईने.

पंचफुलाबाई विश्रामगृहाची स्वयंपाकीण. मूळची उमरेडच्या कोष्टीपुऱ्यातली. घरचा हातमाग बंद पडला तेव्हा ती नवऱ्यासोबत इकडे आली, नवरा गेला आणि ती राहिली. महामंडळ उघडले त्या महिन्यापासून ती रोजंदारीवर होती. सलग नव्वद दिवस काम केले की माणसाचा हक्क तयार होतो, म्हणून तिला दर एकोणनव्वदाव्या दिवशी कामावरून कमी करत आणि एक दिवस सोडून नव्याने घेत. त्या एका दिवशीही ती स्वयंपाक करी, कारण साहेबलोकांना भूक लागेच. आता रोजंदारांच्या खोल्या खाली करण्याचे परिपत्रक आले होते. कायम झाली तर विश्रामगृहामागची खोली राहणार होती, नाहीतर महिनाअखेर पेटी उचलायची. कायम होण्याची तिची फाईल माझ्याच टेबलावर होती, मारोतरावांच्या सहीसाठी अडलेली.

"साहेबाने अभिप्रायाच्या वहीत 'उत्तम' लिवलं पायजे," मारोतराव तिला म्हणाले. "मंग मी सही करतो. माहा शब्द आहे."

"लिवतीन साहेब," पंचफुलाबाई म्हणाली. "पण मले चव नाही पाहता येनार. मी माळकरी आहे."

तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. नऊ वर्षे ती साहेबांसाठी मटण शिजवत होती, पण बोटाला लागलेला रस्साही तिने कधी जिभेवर ठेवला नव्हता. शिजवणे माझे काम, खाणे तुमचे, असे ती म्हणे. मीठ किती पडले ते ती वासावरून ओळखत असे आणि आम्हाला ते कधी कमी-जास्त लागले नाही.

जेवणाच्या दिवशी पहाटे पाचला तिने भांडे लावले. मासिकातल्या साखरेऐवजी तिने गूळ घेतला, आंबटासाठी चिंचेचा कोळ. काळे पाणी नागपुरातल्या सदर भागातील एका चिनी हॉटेलातून आणले होते. कृतीत तिखट नव्हते. ते पाहून तिला हॅरिस साहेबांच्या बायकोची दया आली आणि तिने भिवापुरी मिरची घातली.

सहा वाजता वीज गेली. खिडकीतून धुराडी दिसू लागली.

हॅरिस साहेब अंघोळीला गेले होते आणि मारोतराव घाबरून फोन फिरवत होते. पंचफुलाबाईने कोणाला विचारले नाही. तिने सगळे पितळी गंजात ओतले, कोळशाच्या चुलीतली गरम राख परातीने ओढून खड्डा केला, गंज गळ्यापर्यंत राखेत पुरला आणि झाकणावरही राख टाकली. "आमी घरी असेच वाल शिजवो," ती मला म्हणाली. नऊ वर्षांत राखेचा उपयोग कोणी केला असेल तर तो हा. अहवालात मी तो 'महामंडळाच्या संशोधनाचे पहिले फलित' म्हणून घातला. संशोधकाचे नाव घालायची पद्धत नव्हती.

दहाच्या सुमारास वास सुटला. गुळाचा, लसणाचा, आल्याचा आणि त्याखाली आणखी कशाचातरी, ज्याचे नाव फाईलमध्ये नव्हते. टायपिस्टाची बोटे थांबली. मारोतराव दोनदा खिडकी लावायला उठले आणि दोनदा उघडी ठेवून बसले.

येथे तिसरी अडचण आली. एका जुन्या परिपत्रकाप्रमाणे, परदेशी पाहुण्यास वाढण्यापूर्वी पदार्थ जबाबदार अधिकाऱ्याने स्वतः खाऊन चव-प्रमाणपत्र द्यावे लागे. 'खाल्ले' असे लिहिले की ते सेवापुस्तकात जाणार, सेवापुस्तक उद्या पोरीच्या सासरचे पाहणार. म्हणून मारोतरावांनी 'न खाता, वासावरून समाधानकारक' असा शेरा मारला. ओमप्रकाशजींनी 'वरील मताशी वासापुरता सहमत' असे लिहिले. कागद महामंडळाच्या मोठ्या साहेबांकडून सही होऊन आला. कोणीही खाल्ले नाही, हे तीन सह्यांनिशी सिद्ध झाले.

त्यानंतर अकरा वाजता मारोतराव मागल्या दाराने स्वयंपाकघरात आले. कचेरीत ते पुस्तकी बोलण्याचा आटोकाट प्रयत्न करीत, मागल्या दारी तो थकवा नसे.

"काय वं पंचफुला, मीठ पाहून राहिलो फक्त."

"मीठ बराबर आहे साहेब."

"तू कोठी खाल्लं? तुले काय समजन? दे इकडं."

तिने दोन काट्यांनी मांस ओढून दाखवले. कोष्ट्याच्या घरची बाई. मांसाचे धागे असे सुटत होते की एकही तुटला नाही. सूत सुटले म्हणजे शिजले, एवढी एकच खूण तिच्याजवळ होती. मारोतरावांनी मीठ पाहिले. मग गोड पाहिले, आंबट पाहिले, आणि पुन्हा मीठ पाहिले.

"साहेबाले पुरन नाही मंग," ती हळूच म्हणाली.

"तुह्या फाईलची सही माह्यापाशी आहे नं?" मारोतराव बोटे चाटत म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

मग ओमप्रकाशजी आले. "आपण तं ये चीज छूत बी नाही बाई," ते म्हणाले आणि लेखापरीक्षणाकरिता एक वाटी घेऊन गेले. वाटी परत आली, पुन्हा गेली. मोठे साहेब स्वतः कसे येणार? त्यांचा शिपाई डबा घेऊन आला. साहेबांच्या कुत्र्याला हवे होते. कुत्र्याचा डबा तीनदा आला आणि तिसऱ्या खेपेस कुत्र्याने दोन पोळ्या आणि कांदाही मागवला होता.

साडेबाराला मी गेलो. लपवत नाही. मी तीन बोटे घातली. माझ्या वाट्याला आले ते तळाचे, गुळाने किंचित करपलेले. तसे मी आयुष्यात पुन्हा खाल्ले नाही.  नको म्हणण्याचे बळ पंचफुलाबाईत उरले नव्हते. तिची फाईल माझ्याच टेबलावर होती.

एक वाजता हॅरिस साहेबांच्या पुढ्यात गंज उघडला. आत काळसर रस्सा होता, एक चमचा होता आणि मांसाचा एक धागा, बहुधा चुकून. साहेबांनी रस्सा चाखला, डोळे मिटले, उघडले आणि विचारले, "मांस कुठे आहे?"

अभिप्रायाच्या वहीत त्यांनी प्रश्नचिन्ह काढले. फक्त प्रश्नचिन्ह. साहेब दुसऱ्या दिवशी विमानाने गेले आणि चौकशी समिती बसली. अध्यक्ष मारोतराव, सदस्य ओमप्रकाशजी, लेखनिक मी.

चार किलो प्रस्तुत पदार्थ आत गेला, कोणीही खाल्ला नाही, आणि शिल्लक शून्य. पहिली उपपत्ती अशी होती की आठ तास मंद आचेवर राहिल्याने तो आटला. ओमप्रकाशजींना ती मान्य होती, पण रस्सा न आटता मांस कसे आटले ते बसवता येईना. दुसरी उपपत्ती मांजराची. मांजरावर दोषारोपपत्र बजावता येत नाही. राहिली पंचफुलाबाई. पण चौकशी फक्त कायम कर्मचाऱ्याची होऊ शकते. रोजंदाराला नुसते घालवून देता येते, पण मग हॅरिस साहेबांच्या प्रश्नचिन्हाला उत्तर काय द्यायचे? त्यासाठी दोषी माणूस कागदावर हवा होता. म्हणून मारोतरावांनी तिच्या फाईलवर मागील तारखेची सही केली. नऊ वर्षे जे झाले नाही ते दीड मिनिटात झाले. सोमवारी ती कायम झाली आणि मंगळवारी निलंबित.

"तुमी खाल्लं का?" मारोतरावांनी विचारले. चौकशीत ते तिला तुम्ही म्हणत, तसा नियमच होता.

"माही तं एकादस होती साहेब. मी पानी बी पेली नाही."

ओमप्रकाशजींनी मला लिहायला सांगितले: 'आरोपीस उपवास असल्याने भूक तीव्र होती.'

मग मारोतरावांनी तिला समजावले. आवाजात खरेच आपुलकी होती, ते मला अजून सहन होत नाही. ती निर्दोष ठरली तर चौकशीचे कारण संपते, चौकशीसाठी दिलेले कायमपण रद्द होते आणि खोली जाते. दोषी ठरली तर ताकीद देऊन प्रकरण मिटते आणि कायम कर्मचारी ताकिदीसह कायमच राहतो. "आता तूच पाय बाई. आमी तुह्या भल्याचंच करून राहिलो."

ती माझ्याकडे वळली. "मधुकर भाऊ, तुमी तं होते नं तिथं? तुमीच तं तीन बोटं घातली. सांगा नं गा."

मी इतिवृत्त लिहीत होतो. लेखनिकाने बोलायचे नसते. मी 'आरोपी निरुत्तर' असे लिहिले. शरम वाटली, पण अक्षर चांगले आले.

तिने कबुलीजबाबावर अंगठा दिला. मग तिथेच, आमच्या तिघांसमोर, गळ्यातली माळ काढली आणि पदराच्या टोकाला बांधली. "कागदावर खाल्लं म्हून लिवलं," ती म्हणाली, "तं मंग हे गळ्यात ठेवून कोनाले फसवू?" निकाल नियमानुसार फलकावर लागला. वस्तीच्या भजनी मंडळातल्या बायांनी तो वाचला आणि तिला बोलावणे बंद केले. मारोतरावांच्या घरी सत्यनारायण झाला तेव्हा तिच्या हातचे पाणी नको, असा निरोप खुद्द मारोतरावांनी पाठवला.

खोली मात्र राहिली. आणि कायम स्वयंपाकिणीला एक अधिकार असतो, तो तिने नियमांच्या पुस्तकातून माझ्याकडूनच वाचून घेतला. स्वयंपाकघरात नोंदवही ठेवण्याचा. वही पुढल्या दाराशी आहे. रकाने तीन: नाव, काय खाल्ले, सही. पेन सुतळीने बांधला आहे. मागले दार तिने कुलूप लावून बंद केले.

दर हिवाळ्यात दिवसभर राखेत एक गंज पुरलेला असतो. वास तोच. मारोतराव, ओमप्रकाशजी, कुत्र्याचा डबा, सगळे पुढल्या दारापर्यंत येतात, वही पाहतात आणि मीठ घरचेच बरे म्हणून परत जातात. मी चार वेळा पेन उचलला. रांगेत मागे कोणीतरी ओळखीचे निघते.

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली. तिची माळ पुढे तिने घातली का, हे आजवर एकानेही विचारले नाही. सगळे इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून एकच गोष्ट विचारतात, आणि आपण स्वतः खात नाही हेही सांगतात. तुमच्याही मनात तेच आहे. गूळ किती आणि चिंच किती, ते पंचफुलाबाई आनंदाने सांगते, आधी वहीत नाव लिहिले की. वहीचे पहिले पान अजून कोरे आहे. बोला, नाव काय लिहू?